फायरवॉल, आभासी नेटवर्क स्टॅकमधील

संगणकात येणाऱ्या व त्यातून बाहेर जाणाऱ्या पॅकेटांना ठरावीक नियमांनुसार वाट देणाऱ्या किंवा अडविणाऱ्या व्यवस्थेस फायरवॉल म्हणतात. या पॅकेटांची देवघेव करणारा परिचालन प्रणालीचा भाग म्हणजे नेटवर्क स्टॅक होय. एकाच संगणकावर अनेक स्टॅक स्वतंत्रपणे चालविणे शक्य झाल्यावर फायरवॉलमधील दोषांचे स्वरूपही पालटले. फ्रीबीएसडी या प्रणालीच्या इतिहासात हे स्थित्यंतर स्पष्टपणे दिसते.

१९८३ मध्ये प्रसृत झालेल्या ४.२ बीएसडीमध्ये टीसीपी/आयपीचा स्टॅक अंतर्भूत होता. एका संगणकाला एकच स्टॅक, हे त्याच्या रचनेत गृहीत धरलेले होते. फ्रीबीएसडीच्या ४.० आवृत्तीत (२०००) ‘जेल’ची सोय झाली, मात्र सर्व जेलांचा स्टॅक सामाईकच राहिला. झाग्रेब विद्यापीठातील मार्को झेत्स यांनी २००३ मध्ये स्टॅकच्या स्वतंत्र प्रतिकृती निर्माण करण्याची पद्धत मांडली. ती ८.० आवृत्तीत (२००९) प्रायोगिक स्वरूपात आली व १२.० आवृत्तीपासून (२०१८) नेहमीच्या कर्नेलचा भाग झाली.

पीएफ ही फायरवॉल मूळची ओपनबीएसडीची (२००१). तिचे नियम जोडबिंदूंच्या, म्हणजे इंटरफेसांच्या, नावांनी लिहिता येतात. त्यामुळे इंटरफेस आल्याची वा गेल्याची घटना तिला कळणे आवश्यक असते. फ्रीबीएसडीत या घटनांची नोंदवही सबंध कर्नेलसाठी एकच असते, तर पीएफची कोष्टके प्रत्येक स्टॅकची वेगळी असतात. इंटरफेस एका स्टॅकमधून दुसऱ्यात हलविला की पहिल्यात जाण्याची व दुसऱ्यात येण्याची घटना घडते. ती हाताळताना चालू स्टॅक कोणता हे निश्चित नसेल, अथवा बंद होत असलेल्या स्टॅकची कोष्टके आधीच मुक्त केलेली असतील, तर अवैध स्मृतिस्थानाला हात लागून सबंध कर्नेल कोसळू शकते. असा दोष एका जेलपुरता मर्यादित राहत नाही. त्या संगणकावरील सर्वच जेलांची सेवा खंडित होते.

दोष शोधताना कर्नेल कोसळल्याचे ठिकाण पाहणे पुरेसे नसते. घटना कोणत्या स्टॅकमध्ये उद्भवली व त्या क्षणी तेथील फायरवॉल कार्यरत होती काय, हे तपासावे लागते. त्यासाठी चालू स्टॅकच्या बदलांचा माग ठेवणारा ‘व्हीनेट डीबग’ हा पर्याय कर्नेलमध्ये आहे. २०१६ मध्ये स्टॅक मोडण्याचा क्रम वरच्या थरांकडून खालच्या थरांकडे असा नव्याने बांधण्यात आला. पीएफमध्येही, आपल्या स्टॅकमधील फायरवॉल कार्यरत नसल्यास इंटरफेसच्या घटना दुर्लक्षिण्याची तपासणी घालण्यात आली.