गाविलगडाच्या दारावरचा पक्षी

पाऊस लागला की नागपूरकरांना चिखलदरा आठवतो. अमरावती, परतवाडा, मग घाट, भाजलेली कणसं आणि धुक्यातले फोटो. गाविलगड आमच्या ‘वेळ उरला तर बघू’ या यादीत असायचा. गेल्या पावसाळ्यात वेळ उरला.

दिल्ली दरवाजापाशी आलो आणि मान वर करून बघतच राहिलो. दगडात सिंह, हत्ती आणि दोन तोंडांचा पक्षी. गंडभेरुंड. हे तर कन्नड मुलखातलं, विजयनगरशी जोडलेलं चिन्ह. ते वऱ्हाडच्या सुलतानी किल्ल्यावर काय करतंय?

शाळेत आम्हाला इमादशाही एका ओळीत भेटली होती. बहमनी राज्याची पाच शकलं झाली, त्यातलं हे वऱ्हाडातलं. आदिलशाही-निजामशाही लिहून झालं की उरलेली तीन नावं आठवताना डोकं खाजवायचं. आमच्या भागाचा इतिहास परीक्षेतही असा उरल्यासुरल्या जागेत बसायचा, याचा राग मला अजून आहे.

तर गोष्ट अशी. विजयनगरशी झालेल्या लढाईत बहमनी फौजेने एक कन्नड हिंदू मुलगा पकडला. त्याचं आधीचं नाव मला कुठल्याच पुस्तकात सापडलं नाही. वऱ्हाडचा सेनापती खान-ए-जहान याच्या पदरी तो मुसलमान म्हणून वाढला, फतहुल्ला झाला. पुढे दरबारातून इमाद-उल-मुल्क हा किताब आणि वऱ्हाडचा कारभार मिळाला.

त्याच काळात बीदरला वजीर महमूद गवान सुभेदारांची ताकद कमी करत होता. चार मोठ्या सुभ्यांचे त्याने आठ केले. वऱ्हाडचेही दोन तुकडे झाले, गाविल आणि माहूर. गाविल फतहुल्लाकडे राहिला. सुभेदार अर्थातच नाराज झाले. पण 1481 मध्ये विरोधकांनी गवानच्या नावाचं खोटं पत्र रचलं आणि सुलतानाने शहानिशा न करता त्याला मारलं, तेव्हा सगळ्यांच्या पोटात गोळा आला. गवानसारख्या माणसाचं असं होतं, तर आपलं काय? फतहुल्ला आणि माहूरचा खुदावंदखान यांनी सुलतानाच्या छावणीत पाऊल टाकायलाच नकार दिला.

माझ्या मते इमादशाही खरी सुरू झाली ती इथे. 1490 हे साल पुस्तकाच्या सोयीचं. कारण मधल्या वर्षांत फतहुल्ला काय करतो बघा: नरनाळ्याला महाकाली दरवाजा उठवतो, गाविलगडाची डागडुजी करतो. आणि नरनाळ्याच्या शिलालेखात नाव कोणाचं? बहमनी सुलतानाचं! तट आपला मजबूत करायचा, पाटी मात्र मालकाची. 1490 मध्ये अहमदनगर आणि विजापूरच्या सुभेदारांनी मान वर काढली, मग यानेही काढली. राजधानी एलिचपूर, म्हणजे आपलं अचलपूर.

सोबतच्या मित्राने तिथेच विचारलं, ‘‘म्हणजे हा आपला की त्यांचा?’’ मी त्याला पाथरीची भानगड सांगितली. निजामशाहीच्या मूळ पुरुषाचा बाप मलिक हसन हाही असाच पकडला गेलेला, पाथरीच्या ब्राह्मण घरातला. पाथरी होती इमादशाहीत. अहमदनगरच्या सुलतानाला आपल्या पूर्वजांचं गाव हवं होतं, बदल्यात दुसरा मुलूख द्यायची तयारी होती. फतहुल्लाचा मुलगा अलाउद्दीन नाही म्हणाला. 1518 मध्ये बुऱ्हाण निजामशाहाने ते लढून घेतलं. वाड्याच्या वाटणीवरून घराघरांत चालतं तसंच, फक्त इथे तोफा होत्या. मित्र म्हणाला, ‘‘हे उत्तर नाही झालं.’’ खरंच नव्हतं. पण त्याचा प्रश्नही त्या पक्ष्यासमोर नीट उभा राहत नव्हता.

तो पक्षी फतहुल्लाने स्वतःच्या आठवणीतून कोरून घेतला की कारागिरांनी ठरवलं, दगड सांगत नाही. मला मात्र घरातून उचललेला तो मुलगाच दिसत राहिला.

शेवट फार लांब नाही. चौथा राजा बुऱ्हाण इमादशाह गादीवर आला तेव्हा पोर होता. सत्ता तुफालखान नावाच्या सरदाराने बळकावली. 1574 मध्ये मुर्तझा निजामशाहाने वऱ्हाड गिळलं. तोवर तुफालखानाने त्या पोराला कैदेत ठेवलं होतं, नरनाळ्यावर. पणजोबाने बांधलेल्या दरवाजाच्या आत.