जय भीम कॉम्रेड : मुंबईच्या शाहिरीचा माहितीपट

आंबेडकरी जलशांची परंपरा मुंबईच्या चाळी-झोपडपट्ट्यांत ढोलकी आणि डफावर वाढली. मुंबईच्या या गाण्याची सर्वांत सखोल नोंद आनंद पटवर्धन यांच्या ‘जय भीम कॉम्रेड’ (२०११) या माहितीपटात आहे.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात १० जणांचा बळी गेला. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ (१९८५) मध्ये ते गायले होते. त्यांच्या मृत्यूतून सुरू झालेले चित्रीकरण १४ वर्षे चालले, आणि एवढ्या दीर्घ सोबतीमुळेच वस्त्यांमधली माणसे कॅमेऱ्यासमोर मोकळी झाली.

माहितीपटाच्या उत्तरार्धात पुण्याचा कबीर कला मंच हा कलावंतांचा गट आणि त्यातील गायिका शीतल साठे यांचा धारदार आवाज येतो. पोलीस कारवाईमुळे भूमिगत झालेल्या साठे २ एप्रिल २०१३ रोजी विधानभवनाबाहेर प्रकट झाल्या.