सुरतेचं कॉफीघर: टॉलस्टॉय, गांधी आणि आपला तापीकाठ

नवापूर स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात अन् अर्धा गुजरातेत, हे आपल्याकडे कुणाला नवं नाही. याच तापी व्हॅली लाइनवर पश्चिमेला सुरत आहे आणि पूर्वेला अंमळनेर. या दोन्ही गावांशी नातं असलेलं एक नाव मात्र चटकन कुणाला सुचायचं नाही: रशियन कादंबरीकार लिओ टॉलस्टॉय.

टॉलस्टॉय (१८२८-१९१०) भारतात कधी आले नाहीत. तरी १८९३ साली त्यांची एक छोटी गोष्ट छापून आली, तिचं नावच ‘सुरतेचं कॉफीघर’. मूळ कथा बर्नार्दां द सें-पिएर या फ्रेंच लेखकाची; टॉलस्टॉयनी ती रशियनमध्ये आणली. सुरत बंदरातल्या कॉफीघरात देशोदेशीचे लोक जमतात. त्यात इराणच्या शहाने हद्दपार केलेला एक पंडित असतो. देवाचा विचार करकरून त्याचा देवावरचा विश्वासच उडालेला. त्याचा गुलाम कमरेला खोचलेली लाकडी मूर्ती काढून दाखवतो, ‘हा माझा देव’ म्हणतो, आणि तिथून वादाला तोंड फुटतं. ब्राह्मण, ज्यू दलाल, ख्रिस्ती पाद्री, जकात नाक्यावरचा तुर्क, जो तो देव आपल्याकडेच आहे म्हणून भांडतो. कोपऱ्यात चहा पीत बसलेला एक चिनी माणूस शेवटी सूर्याचा दाखला देतो. प्रत्येकाला सूर्य आपल्याच गावासाठी उगवतो असं वाटतं, देवाचंही तसंच. सगळे गप्प होतात.

योगायोग असा की असा वाद सुरतेत खरोखरच रंगला होता, तोही ही गोष्ट छापून येण्याच्या जवळपास पन्नास वर्षं आधी. १८४४ मध्ये दुर्गाराम मेहताजी आणि त्यांच्या सोबत्यांनी सुरतेत मानवधर्म सभा काढली. जातिभेद, भूतखेत, मंत्रतंत्र यांवर तिथे उघड चर्चा होई. त्या सोबत्यांत एक मराठी माणूस होता: व्याकरणकार दादोबा पांडुरंग तर्खडकर, तेव्हा सुरतेत शिक्षण खात्याच्या नोकरीत. याच्याशी टॉलस्टॉयचा काही संबंध नाही. पण गोष्टीसाठी सुरत हे गाव चुकीचं नव्हतं, एवढं नक्की.

बहिष्कृत लेखक

टॉलस्टॉयना झारने देशाबाहेर काढलं नाही. एवढ्या मोठ्या लेखकाला हात लावायची सरकारला भीती होती. त्याऐवजी पुस्तकांवर बंदी आली, माणसांना शिक्षा झाली. त्यांचे जवळचे सहकारी चेर्तकोव्ह यांना १८९७ मध्ये हद्दपार करण्यात आलं. ते इंग्लंडात राहून टॉलस्टॉयची बंदी असलेली पुस्तकं छापत राहिले. १९०१ मध्ये रशियन चर्चने टॉलस्टॉयना बहिष्कृत केलं. ‘देवाचं राज्य तुमच्या अंतरात आहे’ हे त्यांचं पुस्तकही रशियात बंद होतं. ते १८९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत एका तरुण वकिलाच्या हाती पडलं. तो वकील म्हणजे मोहनदास गांधी.

इथे पुन्हा सुरत येते. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेच्या काँग्रेस अधिवेशनात जहाल-मवाळांची फूट पडली, मंडपात जोडा भिरकावला गेला, खुर्च्या चालल्या. ब्रिटिशांशी लढायचं तरी कसं, हा प्रश्न ऐरणीवर आला. पुढच्याच वर्षी टिळक मंडालेच्या वाटेला लागले. त्याच १९०८ च्या डिसेंबरात टॉलस्टॉयनी तारकनाथ दास यांना दीर्घ पत्र लिहिलं, ‘एका हिंदूस पत्र’. मुद्दा सरळ होता: मूठभरांची एक व्यापारी कंपनी कोट्यवधी लोकांना गुलाम करू शकते, कारण ते कोट्यवधी लोक तिची कामं करतात. हात काढून घ्या, मारामारीची गरज नाही. १९०९ मध्ये लंडनहून आफ्रिकेला परतताना बोटीवर गांधींनी हे पत्र गुजरातीत आणलं आणि त्याच प्रवासात ‘हिंद स्वराज’ लिहिलं. त्यात वाचण्यासाठी सुचवलेल्या पुस्तकांत टॉलस्टॉयची अनेक आहेत. १९१० मध्ये जोहान्सबर्गजवळ ‘टॉलस्टॉय फार्म’ उभा राहिला. आफ्रिकेतल्या गुजराती व्यापाऱ्यांत सुरत जिल्ह्यातली माणसं पुष्कळ होती, म्हणून हा विचार पुस्तकातून जसा आला तसाच माणसांबरोबरही गावाकडे आला.

बारडोली, आणि जिथे तो थांबला

सुरत जिल्ह्यातल्या बारडोली तालुक्यात सरकारने शेतसारा २२ टक्क्यांनी वाढवला. १९२८ मध्ये वल्लभभाईंच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी सारा भरलाच नाही. म्हशी जप्त झाल्या, जमिनी लिलावात निघाल्या, तरी लोक हलले नाहीत. शेवटी चौकशी बसली आणि वाढ ६ टक्क्यांच्या आसपास आली. टॉलस्टॉयचं ‘हात काढून घ्या’ इथे प्रत्यक्षात दिसलं.

पण सगळं श्रेय पुस्तकांना देणं बरोबर नाही. १९२२ मध्येच आदिवासींत ‘देवी’ची लाट नाशिक, सुरगाणा, डांग करत सुरत जिल्ह्यात आली होती. दारू सोडा, मांस सोडा, दारूवाल्याकडे कामाला जाऊ नका, असा देवीचा हुकूम. या माणसांनी टॉलस्टॉय वाचला नव्हता, गांधींचं नावही त्यांच्यापर्यंत उशिरा पोचलं. असहकार मात्र त्यांनी आधीच सुरू केला होता. दुसरं, बारडोलीचे सारा न भरणारे बरेच शेतकरी स्वतःच्या शेतावर हळपती मजूर ‘हाळी’ म्हणून, म्हणजे कर्जापायी बांधलेले, राबवत होते. दुसऱ्याच्या श्रमावर जगू नये, हा टॉलस्टॉयचा सगळ्यात टोचणारा मुद्दा तिथे फारसा पोचला नाही. वेडछी आश्रमाच्या जुगतराम दवे यांच्यासारखे थोडे कार्यकर्ते त्यासाठी आयुष्यभर खपले.

अंमळनेरला टॉलस्टॉय

लाइनच्या आपल्या टोकाला हा विचार साने गुरुजींच्या हातून आला. १९२४ ते १९३० ते अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलात शिक्षक होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरची प्रवचनं त्यांनीच उतरवून घेतली. टॉलस्टॉयचं कलेवरचं पुस्तक त्यांनी ‘कला म्हणजे काय?’ या नावाने मराठीत आणलं. एकाची भावना दुसऱ्याच्या मनात उतरवते ती कला, आणि जी शेतकऱ्याला, मजुराला कळत नाही ती श्रीमंतांची करमणूक, असा टॉलस्टॉयचा रोखठोक हिशेब. यात त्यांनी शेक्सपिअर, बीथोव्हेन यांनाही सोडलं नाही, आणि ते पटणं कठीणच आहे. पण ‘श्यामची आई’ वाचून डोळे पुसणाऱ्या खेड्यातल्या बाईला या हिशेबातली पहिली ओळ समजावून सांगावी लागत नाही.