स्ट्राइक आणि हरताळ

इंग्रजीच्या तासाला मी फळ्यावर ‘स्ट्राइक’ हे क्रियापद लिहिले आणि शेजारी अर्थ दिला : मारणे, प्रहार करणे. मागच्या बाकावरून एका मुलाने विचारले, “सर, आमच्या आजोबांनी गिरणीत स्ट्राइक केला होता. त्यांनी कुणाला मारलं?” वर्ग हसला. मला मात्र हसता आले नाही. सोलापूरच्या गिरण्यांचे भोंगे केव्हाच मुके झाले, पण हा शब्द इथे घरोघर उरला आहे. आणि तो समजावून देण्याइतका मलाच तो ठाऊक नव्हता. घरी येऊन कोश उघडले.

या क्रियापदात मुळात मार नाहीच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ हळुवार हात फिरवणे, पुसत जाणे असा होता. प्रहार मागाहून आला. जहाजाचे शीड किंवा निशाण खाली उतरवणे यालाही हेच क्रियापद. १७६८ साली लंडनच्या बंदरातील खलाशांनी मजुरीसाठी जहाजांची शिडे उतरवून ठेवली. शीडच नाही तर जहाज हलणार कसे? तेव्हापासून काम थांबवणे म्हणजे ‘स्ट्राइक’.

आपण त्याला ‘संप’ म्हणतो. संप म्हणजे मूळचा एकोपा. गुजरातीत आजही तोच अर्थ आहे. इंग्रजाने उतरलेले शीड पाहिले, आपण ते उतरवणाऱ्यांची एकजूट पाहिली. बाजार बंद ठेवला की त्याला ‘हरताळ’, म्हणजे हाटाला ताळा. पण हरताळ नावाचे एक पिवळे खनिजही आहे. जुने लेखनिक पोथीतले चुकलेले अक्षर त्याचा लेप देऊन झाकीत; त्यावरूनच ‘हरताळ फासणे’. इंग्रजीतही अक्षर खोडणे म्हणजे ‘स्ट्राइक आउट’. काम थांबवणे आणि अक्षर पुसणे, दोन्हींना दोन्ही भाषांत एकेकच शब्द मिळावा, हा योगायोग मोठा गमतीचा खरा.

पण १९३० साली या क्रियापदाचे सगळे अर्थ सोलापूरने अंगावर घेतले, त्यात गंमत नव्हती. ६ एप्रिलला नगरपालिकेवर तिरंगा चढला. मे महिन्याच्या आरंभी गांधीजींना अटक झाल्याची वार्ता आली आणि गिरणी कामगारांनी काम थांबवले, बाजाराने हरताळ पाळला. ८ मे रोजी पोलिसांनी गोळीबार केला. शंकर शिवदारे पडले. जमाव खवळला. पोलीस चौक्या आणि कोर्ट जळाले, दोन पोलीस मारले गेले. १२ मे रोजी लष्करी कायदा पुकारला गेला. नगरपालिकेवरचे निशाण उतरवण्यात आले. पोलिसांच्या खुनाच्या आरोपावरून मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. ते निर्दोष होते, असेच सोलापूर आजवर मानीत आले आहे.

संप झाला, निशाण उतरले, माणसे मारली गेली. राहिला तो खोडण्याचा अर्थ. सरकारने चार माणसे पुसली. चार नावांवर मात्र त्याला हरताळ फासता आला नाही. चार हुतात्म्यांचे पुतळे आज भर शहरात उभे आहेत, आणि शाळेला येणारी कितीतरी मुले त्यांच्यावरूनच येतात.

दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर तेच क्रियापद पुन्हा लिहिले. ‘मारणे’ हा अर्थ गाळला नाही. त्या मे महिन्यात तोही घडला होता. त्याखाली बाकीचे अर्थ लिहिले आणि त्या मुलाला म्हणालो, “तुझ्या आजोबांनी कुणाला मारलं नाही रे. त्यांनी शीड उतरवलं होतं.”

तो क्षणभर थांबून म्हणाला, “पण सर, मग पुन्हा ते चढवलं का नाही?”

बंद गिरण्यांच्या या गावात त्याचे उत्तर कुठल्या कोशात शोधावे, ते मला अजून कळलेले नाही.