लहानपण किती वर्षांचे होते?

बालपणाविषयी बोलू लागलो म्हणजे आपण सारेच थोडेसे कवी होतो. ‘आमच्या वेळचे लहानपण आता राहिले नाही’ हे वाक्य आज साठी उलटलेले गृहस्थ नातवाच्या हातातील मोबाईलकडे पाहून म्हणतात. त्यांच्या वडिलांनी ते सिनेमाकडे बोट दाखवून म्हटले असेल आणि आजोबांनी बहुधा इंग्रजी शाळेकडे. ही तक्रार हसून सोडून देण्यासारखी नाही. तिच्यात तथ्य आहे. मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने तिला एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. ते मोकळे लहानपण कोणाचे, आणि ते कितव्या वर्षी संपत असे?

मोकळेपणा खोटा नव्हता, हे आधी मान्य करू. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गावातला मुलगा सकाळी घराबाहेर पडला की भुकेनेच परत येई. कमरेला सुका भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकावे, चिंचांवर दगड भिरकवावेत, विटीदांडू, सूरपारंब्या, आट्यापाट्या खेळाव्यात. या कशाला पैसे पडत नसत आणि कोणाची लेखी परवानगीही लागत नसे. रस्त्यावर बैलगाडी आणि क्वचित घोडा, याहून वेगवान वाहन नव्हते. शिवाय मूल बिनराखणीचे दिसले तरी तसे ते नसे, कारण आळीतल्या कोणाही वडीलधाऱ्याला कोणाच्याही मुलाचा कान धरण्याचा अधिकार होता. (हा अधिकार आज कोणी बजावून पाहावा!) आईबापांचे लक्ष नसे ते त्यांची मते उदार होती म्हणून नव्हे, घरात माणसे पुष्कळ आणि कामे त्याहून पुष्कळ, म्हणून.

या मोकळेपणातून काही माणसे घडली. महर्षी धोंडो केशव कर्वे कोवळ्या वयात एका परीक्षेसाठी कोकणातल्या मुरूडहून सह्याद्री ओलांडून साताऱ्याला पायी गेले. वाट शंभराहून अधिक मैलांची. तेथे पोचल्यावर त्यांची किरकोळ अंगलट पाहून अधिकाऱ्यांनी वय कमी ठरवले आणि परीक्षेस बसूच दिले नाही! आज त्या वयाच्या मुलाला आपण परगावच्या परीक्षेला एकटे पाठवताना चार वेळा फोन करतो. या बाबतीत जुन्या लोकांचे म्हणणे मी बिनशर्त मान्य करतो.

आता त्याच काळातली मुलगी पाहा. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला, त्यांच्याशी देवराष्ट्र्याच्या कुर्लेकरांच्या मुलीचे लग्न १८७३ साली झाले. नवरी अकरा वर्षांची, नवरदेव एकतीस वर्षांचे. रानड्यांनी तिला शिकवले आणि तिने १९१० साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या आठवणींत ते सारे लिहून ठेवले, म्हणून ‘रमाबाई’ आपल्याला ठाऊक आहेत. त्या भाग्यवान. कल्याणच्या आनंदीबाई जोशी जन्मल्या १८६५ साली. नवव्या वर्षी लग्न आणि चौदाव्या वर्षी बाळंतपण. मूल दहा दिवस जगले. त्या दुःखातून त्या वैद्यकाकडे वळल्या, १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत वारल्या. वय पुरते बावीसही नव्हते. विवाहित मुलीच्या बाबतीत संमतीचे वय दहावरून बारा करणारा कायदा १८९१ साली आला, तेव्हा ‘धर्म बुडाला’ म्हणून पुण्यात केवढे रण माजले! मुलीच्या लग्नाचे किमान वय चौदा करणारा सारडा कायदा व्हायला १९२९ साल उजाडावे लागले.

ही झाली सुशिक्षितांच्या घरची गोष्ट. मुंबईच्या गिरण्यांत जाऊ. पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. त्याने सात वर्षांखालच्या मुलांना कामावर ठेवण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम दिवसाला नऊ तासांवर आणले. आज हे वाचून अंगावर काटा येतो. पण त्या दिवशी ती सुधारणा होती, म्हणजे त्याआधी काय चालत असेल याची कल्पना करावी. १८९१ साली किमान वय नऊ झाले, तास सात झाले. नारायण मेघाजी लोखंडे १८८४ पासून गिरणीकामगारांच्या सभा भरवत होते ते याच काळात. त्या पोरांच्या सूरपारंब्या कोणत्या झाडावर?

ज्याला गावाचे रान मोकळे होते, त्यालाही ते सारखे मोकळे नव्हते. १९०१ सालच्या उन्हाळ्यात साताऱ्याची काही मुले नवे कपडे घालून, आगगाडीत बसून, वडिलांच्या नोकरीच्या गावी सुटीसाठी निघाली. मसूर स्टेशनावर न्यायला कोणी आले नव्हते. मुले महार आहेत हे कळताच स्टेशनमास्तर बाजूला झाला आणि एकही गाडीवान तयार होईना. शेवटी दुप्पट भाडे घेऊन एक तयार झाला, तो या अटीवर, की गाडी मुलांनी हाकावी आणि त्याने पायी चालावे. जवळ खायला होते. पाणी द्यायला कोणी नव्हते. मुले रात्रभर तशीच राहिली. त्यांतला एक भीमराव आंबेडकर. ही हकीकत त्यांनी स्वतः लिहिली आहे. सुटीतला प्रवास, नवे कपडे, आगगाडी. आपल्या रम्य आठवणींत जे जे असते ते सारे तीत आहे.

आणखी एक गोष्ट. आठवणी जगलेल्यांनी लिहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या देशात जन्मलेल्या दर हजार मुलांतली दोनशेहून अधिक वर्षाच्या आत जात. आज महाराष्ट्रात हे प्रमाण हजारी विसाच्या आत आले आहे. देवी, पटकी, १८९६ पासूनचा प्लेग यांतून जे वाचले त्यांनाच विहिरीतले पोहणे आठवायला मिळाले.

तरीही खेळाची भूक सर्वांना सारखीच होती. याचा पुरावा आपल्या डोळ्यांसमोर असतो, पण तो पुरावा म्हणून आपण पाहत नाही. मंगळागौरीचे खेळ आज आपण सभागृहात हौसेने पाहतो. झिम्मा, फुगडी, पिंगा सारे प्रौढ स्त्रिया सुरेख करून दाखवतात. हे व्रत लग्नानंतर पाच वर्षे, श्रावणातल्या मंगळवारी. ज्या काळात ते घरोघर होत असे, त्या काळात लग्न आठव्या-दहाव्या वर्षी होई. म्हणजे त्या रात्री फुगड्या घालणाऱ्या सुना दहा-बारा वर्षांच्या पोरी होत्या. देवीचे जागरण म्हणून सासूला रागावता येत नसे, म्हणून त्या उजाडेपर्यंत खेळत. आणि उजाडले की पदर खोचून पाणी भरायला जात.