'त' प्रत्ययाचे मोल : शब्दसूचीपासून शोधयंत्रापर्यंत

महाविद्यालयाच्या वार्षिकाचे जुने अंक संगणकावर उतरवून विद्यार्थ्यांना त्यांत शोध घेता यावा, असा उद्योग मध्यंतरी आम्ही अंगावर घेतला. संगणकशास्त्र हा आमचा प्रांत नव्हे. परंतु पायथन ही भाषा शिकायला सोपी, आणि इलॅस्टिकसर्च या शोधयंत्राशी बोलणारे तिचे ग्रंथालय एका आज्ञेने बसते, असे कळले. तसे ते बसलेही. पहिला शोध 'घर' या शब्दाचा घेतला. यंत्राने मोजकेच लेख पुढे केले. 'घरात', 'घराला', 'घरांतून' यांपैकी काहीही त्याला दिसले नाही. हे असे का, याचा माग काढता काढता आम्ही थेट तेराव्या शतकात जाऊन पोहोचलो.

१२३० च्या दशकात पॅरिसमधील डोमिनिकन मठात ह्यू ऑफ सेंट-शेर याच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलची शब्दसूची तयार झाली. एकेक शब्द घ्यायचा आणि तो कोठे कोठे येतो ते त्यापुढे नोंदवायचे, एवढीच तिची रीत. ग्रंथ आपल्याला स्थळाकडून शब्दाकडे नेतो. सूची शब्दाकडून स्थळाकडे. आजचे शोधयंत्रही नेमके हेच करते. दिलेला मजकूर फोडून ते शब्दवार याद्या बनवते आणि विचारणा झाली की मजकूर न वाचता या याद्या चाळते. पॅरिसच्या त्या सूचीत केवळ स्थळे होती, वाक्ये नव्हती. ती उणीव नंतरच्या भिक्षूंनी भरून काढली.

दुसरा टप्पा इटालियन जेझुइट रोबेर्तो बूझा यांचा. थॉमस अक्वायनसच्या लेखनातील 'उपस्थिती' या कल्पनेचा ते अभ्यास करीत होते. त्या अर्थाची भारदस्त नामे त्यांनी आधी शोधली. पण अक्वायनसचा विचार खरा गुंफला होता तो लॅटिनमधील 'इन' या क्षुल्लक शब्दयोगी अव्ययाशी. त्या अव्ययाची वाक्ये त्यांनी सुमारे १०,००० पत्रकांवर हाताने उतरवली. १९४९ मध्ये ते आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांना भेटले, आणि छिद्रित पत्रकांवर समग्र अक्वायनसची सूची करण्याचे काम सुरू झाले. गाल्लाराते येथे हे टंकनाचे काम प्रामुख्याने तरुण स्त्रियांनी केले. त्यांचे ऋण फार उशिरा मान्य झाले. १९७४ ते १९८० या काळात ५६ खंड छापून निघाले.

पुढचा इतिहास वेगाने घडला. अनेक लेखांत आढळणाऱ्या शब्दापेक्षा थोड्याच लेखांत आढळणाऱ्या शब्दाला अधिक वजन द्यावे, हे तत्त्व कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडले. डग कटिंग यांनी १९९९ मध्ये ल्युसीन हे ग्रंथालय खुले केले. त्याच्या पायावर शाय बॅनन यांनी २०१० मध्ये इलॅस्टिकसर्च उभारले. हे यंत्र जावा भाषेत लिहिलेले असले तरी एचटीटीपीवरून जेसन रूपात बोलते. म्हणून कोणतीही भाषा त्याच्याशी संवाद साधू शकते. पायथनचे ग्रंथालय हा या संवादातला दुभाषा. त्याला यंत्राचा पत्ता द्यावा, लेख नोंदवावा, प्रश्न विचारावा, इतकेच. नवी नोंद सामान्यतः सेकंदभराने शोधात येते, ही एक गोष्ट मात्र नवशिक्याने ध्यानी ठेवावी. आम्ही ती न ठेवल्याने एक संध्याकाळ गमावली.

मात्र दुभाषा निरोप पोहोचवतो. व्याकरण तो शिकवीत नाही. मजकूर फोडण्याचे काम ज्या विश्लेषकाकडे असते, तो इलॅस्टिकसर्चमध्ये हिंदी आणि बंगालीसाठी तयार मिळतो, मराठीसाठी नाही. सर्वसाधारण विश्लेषकाच्या लेखी 'घर' आणि 'घरात' हे दोन परके शब्द. दादोबा पांडुरंगांच्या १८३६ च्या व्याकरणापासून आपण विभक्तीची चर्चा करीत आलो, ती वर्गात अनेकांना रुक्ष वाटते. 'पाणी'चे 'पाण्यात' आणि 'मूल'चे 'मुलाला' का होते, हे यंत्राला सांगायची वेळ आली, तेव्हा त्या चर्चेचे मोल आम्हांला नव्याने उमगले.

आम्ही प्रत्यय तोडणारे ढोबळ नियम लिहिले. 'घर' शोधता 'घरात' सापडू लागले. मग बूझांची आठवण झाली आणि हात थबकला. त्यांचे 'इन' इंग्रजी विश्लेषक निरर्थक शब्द म्हणून गाळून टाकतो. आपल्याकडे तेच काम बव्हंशी 'त' हा प्रत्यय करतो, आणि आम्ही तो तोडून फेकीत होतो. उद्या एखाद्या विद्यार्थिनीला 'मनात' आणि 'मनाला' यांतला भेदच अभ्यासायचा असेल, तर आमचे यंत्र तिला काय देणार?

अखेर प्रत्येक लेख दोन प्रकारे नोंदवला : एकदा प्रत्यय तोडून, एकदा जसाच्या तसा. जागा अधिक लागली, पण शब्द हरवले नाहीत. काय गाळावे हे ठरवणारा प्रत्येक सूचीकार पुढच्या वाचकाने कोणते प्रश्न विचारावेत, हेही नकळत ठरवीत असतो. मराठीसाठी तो निर्णय मराठीच्या अभ्यासकांनी घ्यायला हवा. तो केवळ तंत्रज्ञांवर सोपवून आपल्याला मोकळे होता येणार नाही.