समस्थानिक-मागोवा, हवेतील कणांचा

हवेत तरंगणारे सूक्ष्म कण कोठून आले याचा तपास, त्या कणांतील कार्बन, नायट्रोजन, गंधक आदी मूलद्रव्यांच्या जड व हलक्या अणूंचे परस्परप्रमाण मोजून करण्याची पद्धती. रासायनिक वर्तन एकच परंतु वस्तुमान भिन्न, असे एकाच मूलद्रव्याचे जे अणू त्यांस समस्थानिक म्हणतात. ही संज्ञा ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक सॉडी यांनी १९१३ साली रूढ केली. किरणोत्सर्गाने ज्यांचा क्षय होत नाही ते स्थिर समस्थानिक होत; या पद्धतीचा भर त्यांच्यावरच असतो. निसर्गातील कार्बनापैकी सुमारे ९८.९ टक्के कार्बन-१२ व उरलेला कार्बन-१३ असतो. नायट्रोजन-१५ चा वाटा तर ०.३७ टक्क्याच्या आसपासच आहे. ही प्रमाणे सर्व पदार्थांत अगदी सारखी असती तर या विद्येला कामच उरले नसते. परंतु प्रकाशसंश्लेषण, बाष्पीभवन, वायूचे कणात रूपांतर अशा प्रत्येक व्यवहारात एक अणू किंचित पुढे सरतो, दुसरा मागे रेंगाळतो, आणि या लहानशा पक्षपाताची नोंद पदार्थाच्या दप्तरी राहून जाते.

ही तफावत ठरावीक मानकाच्या तुलनेत दर हजारी सांगतात. कार्बनाचे मानक म्हणजे दक्षिण कॅरोलायनातील पी डी शैलसमूहात सापडणाऱ्या बेलेम्नाइट या सागरी जीवाश्माचा चुनखडीमय अवशेष. तो मूळ साठा केव्हाच संपला. पण रुपयातील चांदी गेली तरी रुपया रुपयाच राहिला, तशी मोजणी अद्याप त्याच्याच नावाने चालते.

भात, गहू, तूर, कापूस आणि बहुतेक सर्व वृक्ष यांच्या देहातील कार्बन या मापाने सरासरी उणे २७ च्या आसपास भरतो. ऊस, ज्वारी, बाजरी व मका यांचा प्रकाशसंश्लेषणाचा मार्ग निराळा असल्याने त्यांचा उणे १३ च्या सुमारास येतो. म्हणजे चुलीत जळणारी पऱ्हाटी वा तुराटी आणि गळीत हंगामात फडात पेटवलेले पाचट यांचा धूर डोळ्याला एकसारखाच झोंबला, तरी वस्तुमान वर्णपटमापकाला तो वेगळा ओळखता येतो. एखाद्या नमुन्यात केवळ या दोहोंचेच मिश्रण आहे असे धरले आणि मापन उणे २३.५ आले, तर त्यात पाचटाच्या कार्बनाचा वाटा चतुर्थांश, असा हा सरळ त्रैराशिकाचा हिशेब आहे.

प्रत्यक्ष काम मोठे निगुतीचे असते. भट्टीत तापवून निष्कलंक केलेल्या स्फटिकतंतूंच्या गाळणकागदातून पंपाने बहुधा अहोरात्र हवा ओढली की पांढरा कागद राखाडी होतो. त्याची गोल टिकली कापून, मातीतील चुन्याचा कार्बन हिशेबात शिरू नये म्हणून तिला आवश्यक तेथे हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ देतात; नंतर ती कथलाच्या इवल्याशा डबीत दुमडून सुमारे हजार अंश सेल्सिअसवर जाळली जाते, आणि निघालेला कार्बन डायऑक्साइड हेलियमच्या प्रवाहाबरोबर उपकरणात जाऊन ४४ व ४५ वस्तुमानाच्या रेणूंत वाटला जातो.

मात्र हा पुरावा निर्णायक मानण्याची घाई करू नये. दगडी कोळसा, डिझेल आणि लाकूड यांची मूल्ये उणे २३ ते उणे २८ या अरुंद पट्ट्यात एकमेकांवर चढतात. म्हणून लाकडाच्या धुरात भरपूर आढळणारे लेव्होग्लुकोसान किंवा पोटॅशियम यांची साक्ष जोडीला घ्यावी लागते. खरी उलटतपासणी मात्र ऋतूच घेतो. मुंबईवर हिवाळ्यात वारे बहुतांशी जमिनीकडून येतात व जमिनीलगतच्या थंड हवेवरचा उबदार थर धूर खाली दाबून धरतो. पावसाळ्यात नैर्ऋत्य वारे समुद्रावरचे मीठ आणतात, आणि पाऊस कण धुऊन नेतो. समुद्रजलातील सल्फेटाच्या गंधकाचे मूल्य अधिक २१ असल्याने, सागरी सल्फेट कोळशाच्या धुरातल्या सल्फेटापासून निवडताना गंधकाचा उपयोग होतो. मुंबईच्या कणांवरील २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात एकूण कार्बन उन्हाळ्यात सरासरी उणे २६.५, तर हिवाळ्यात उणे २५.९, म्हणजे किंचित जड आढळला. हा फरक इंधन बदलल्याचाच दाखला समजणे सोपे होते. परंतु संशोधकांनी तो सूर्यप्रकाशात दीर्घकाळ चाललेल्या रासायनिक प्रक्रियेशी जोडला, कारण कण हवेत जुना होताना हलका कार्बन वायुरूपाने आधी निसटतो. नायट्रोजनाचीही गत तीच: अमोनिया वायू व कणातील अमोनियम यांच्या देवघेवीत जड अणू कणात साचतो, त्यामुळे मूळ गोठ्याचे की खताचे हे सांगणे अवघड होऊन बसते.

कार्बन-१४ हा अस्थिर, अर्धायुष्य सुमारे ५,७३० वर्षे. काटेकोर व्याख्येने तो या नोंदीत बसत नाही, पण व्यवहारात त्याच्यावाचून भागत नाही. कोट्यवधी वर्षे गाडलेल्या कोळशात व खनिज तेलात तो उरलेलाच नसतो, ताज्या लाकडात असतो, आणि त्यामुळे स्थिर समस्थानिकांना न सुटणारा पेच तो सोडवतो. २००६ साली पुण्याजवळील सिंहगडावर आणि मालदीवमधील हनिमाधू बेटावर गोळा केलेल्या काजळीची अशी तपासणी स्टॉकहोम विद्यापीठाच्या ओर्जन गुस्ताफसन प्रभृतींनी २००९ मध्ये प्रसिद्ध केली. काजळी वेगळी काढण्याच्या एका रीतीने जैव इंधनाचा वाटा निम्म्याच्या थोडा खाली, तर दुसऱ्या रीतीने सुमारे दोन तृतीयांश निघाला; ही तफावत अणूंच्या मोजणीतून आली नव्हती, तर काजळी म्हणावे नेमके कशास, या जुन्या वादातून आली होती.